किल्ली एक, चाब्या दोन

फटफटी विकली आणि त्या दिवसापासून माझं त्या माणसाशी वैर लागलं, असं आमच्याकडे अजून सांगतात. साफ खोटं आहे. वैर आधीचंच होतं. फटफटीनं त्याला फक्त चाकं लावली.

त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याला वाटायचं, की मी अजून त्याला कुणीतरी समजतो. गावात त्याला सगळे मालक म्हणायचे, म्हणून इथेही मालकच म्हणतो. घाटंजीच्या वाटेवर आमचं गाव, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचं कपाशीचं रान त्याचं. पाऊस पडला तरी त्याला आधी त्याच्याच शेतात पडावं असं वाटायचं. छप्पन साली आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा हा ओट्यावर बसून म्हणाला होता, "देव सोडले, बरं केलं. आता रस्ताबी सोडा."

आम्ही देव सोडले होते. रस्ता सोडायचा आमचा काही विचार नव्हता.

मी तेव्हा कामठीला पलटणीच्या वर्कशॉपात होतो. सात वर्षं इंजिनाच्या पोटात हात घालून मी तिथून परत आलो, तो फटफटीवर बसून. पलटणीच्या भंगारात निघालेल्या तीन मेलेल्या गाड्या घेतल्या आणि त्यांतून एक जिवंत केली. चाकं एकीची, टाकी दुसरीची, आणि आवाज तिघींचा. मी घाटंजीत किक मारली की दारव्ह्याच्या म्हशी पान्हा चोरायच्या. कुणी यात बारीकसारीक चूक काढेल, की दारव्हा तिथून फार लांब आहे. असेल. आवाजही फार मोठा होता.

त्या फटफटीवर बसून मी पहिल्यांदा मालकाच्या ओट्यासमोरून गेलो आणि संध्याकाळी त्याचा दिवाणजी आमच्या दारात उभा. दिवाणजी म्हणजे मालकाचं लिहिणं-वाचणं करणारा, काडीसारखा माणूस. स्वतःचं मत म्हणून त्याला एक जांभई तेवढी यायची.

"मालक म्हन्ते," तो दाराबाहेरूनच बोलला, "ओट्यासमोरून बसून जाऊ नको. उतरून जात जाय."

मी काही बोलायच्या आत आमची माय म्हणाली, "उतरन नं. उतरून जाईन माहा पोरगा. पन सांगा मालकाले, तो सावकाश जाईन."

दुसऱ्या दिवसापासून मी ओटा आला की उतरायचो. इंजिन मात्र उतरायचं नाही. फटफटी हातानं ढकलत, एक्सलेटर पिळत, मुंगीच्या चालीनं मी तो ओटा पार करायचो. निळा धूर सरळ ओट्यावर. मालक खोकायचा, दिवाणजी खोकायचा, ओट्यावरचा पोपट खोकायला शिकला. मी पुढे जाऊन वाकून म्हणायचो, "उतरलो मालक."

महिनाभरात मालकानं ठरवलं, गावात फटफटी एकच आणि ती त्याची. दिवाणजी पुन्हा आला.

मलाही विकायचीच होती, हे मी त्याला सांगितलं नाही. घाटंजीच्या बाजाराला लागून, कडुलिंबाखाली एक टिनाची टपरी मिळत होती. तिथे गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकायचं, लोखंड पकडायला शिकंजा बसवायचा, हवेचा पंप घ्यायचा, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. पलटणीतून सुटलो, पण गावात येऊन कुणाच्या रानात राबायचं नाही, अशी मी शपथ घेतली होती. दुकान चाललं तर मी माणूस, नाही तर पुन्हा त्याच ओट्यासमोर.

आता वर्कशॉपाची एक शिस्त होती. गाडी बाहेर जायची तर आधी कागद, मग गाडी. गाडीसोबत काय काय जातं त्याची यादी, खाली कार्बन लावून दोन प्रती, प्रत्येक वस्तूपुढे खूण. मी आदल्या दिवशी बसून माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात यादी केली. हवा भरायचा पंप, एक. आरसा, एक. रबरी फुग्याचा भोंगा, एक. जास्तीचा प्लग, एक. साखळीची जास्तीची कडी, एक. पेट्रोल गाळायचं नरसाळं, एक. किल्ली, एक. चाब्या, दोन.

माझं सगळं रामायण या शेवटच्या दोन ओळींत आहे, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. वर्कशॉपात आमचा उस्ताद नटबोल्ट खोलायच्या पान्याला चाबी म्हणायचा. छोटी चाबी, मोठी चाबी, डबल चाबी. सात वर्षं मी तेच ऐकलं, तेच मागितलं, तेच डोक्यावर खाल्लं. कुलपाची ती किल्ली, हे शाळेत शिकलेलं. नटाची ती चाबी, हे उस्तादानं शिकवलेलं. दोन्ही शिक्षणं त्या दिवशी एका कागदावर शेजारीशेजारी बसली. फटफटी सुरू करायची किल्ली एकच होती. पलटणीनंच एक दिली होती. दुसरी किल्ली नव्हतीच, आणि नसलेल्या वस्तूची यादी करायची अक्कल मला तेव्हा नव्हती. "जास्तीची किल्ली नाही" असे चार शब्द लिहिले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

गाडी द्यायला गेलो. मालक ओट्यावर, दिवाणजी एका पायरीवर, मी खाली. अंगणात तरट अंथरलेलं.

"एकेक टाक वरून," मालक म्हणाला.

हाताला हात लागू नये म्हणून वस्तू वरून टाकायची, ही त्याच्या घरची रीत. मी पलटणीत ज्या हातानं साहेबाच्या जीपची स्टिअरिंग बांधली, त्या हातानं आता तरटावर पंप टाकायचा. टाकला. दिवाणजीनं यादीवर खूण केली. आरसा टाकताना मी म्हणालो, "मालक, हा टाकला तर फुटते."

"मंग ठेव खाली. अन् सरक मांगं."

मी ठेवला, तीन पावलं मागे सरकलो. भोंगा टाकला तो भों करून बोंबलला. प्लग, कडी, नरसाळं. किल्ली टाकली, ती टिंग वाजली. मग फडक्यात गुंडाळलेले दोन पाने टाकले. खण्ण.

"चाब्या दोन," मी म्हणालो.

"चाब्या दोन, आल्या," दिवाणजी म्हणाला आणि त्यानं खूण केली. फडकं उघडून पाहिलं नाही. उघडून पाहायला हात लावावा लागला असता.

"पेटीत घाल ते तूच," मालकानं सांगितलं. मी ते फडकं फटफटीच्या बाजूच्या पेटीत घातलं, झाकण लावलं. मग मालकानं तांब्याभर गोमूत्र मागवलं आणि सीटवर, टाकीवर, हँडलवर शिंपडलं. भोंग्याच्या फुग्यात जरा जास्तच गेलं असावं. पुढे महिनाभर भोंगा वाजला की समोरचा तोंड पुसायचा. मी म्हणालो, "मालक, इंजिनालेबी पाजा थोडं. आतूनबी मीच हात लावलेला आहे."

"जाय आता," तो म्हणाला.

त्यानं पैसेही वरूनच टाकले. ते मी उचलले, धुतले नाहीत, आणि थेट घाटंजी गाठली.

पंधरा दिवसांत टपरी उभी राहिली. मालकाला पत्ता लागला, की त्याच्याच पैशात मी दुकान टाकलं. त्याला वाटलं होतं, फटफटी काढून घेतली म्हणजे हा पायी येईल, आणि पायी आला म्हणजे ओट्याशी येईल. तो माणूस मग यादी काढून बसला. भिंग लावून वाचली असेल. शेवटच्या दोन ओळींवर त्याचं बोट थांबलं असेल, तेव्हाचं त्याचं तोंड मला न बघताही दिसतं.

घाटंजीचा पुढचा बाजार भरला. मालक फटफटीवर आला, माझ्या टपरीच्या समोरच्या कडुलिंबाशी थांबला. मागच्या कॅरिअरवरून त्यानं बैलाची साखळी काढली, मनगटाएवढी जाड. फटफटीचं पुढचं चाक झाडाला बांधलं आणि त्याला नारळाएवढं कुलूप घातलं. मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "बांधून ठेवा लागते बाप्पा. दोन चाब्या याच्याजवळ आहेत माह्या गाडीच्या. केव्हा नेईन सांगता येत नाई."

मी हातातलं काम ठेवून बाहेर आलो. "कोनत्या चाब्या मालक?"

त्यानं यादी काढली. "तुह्याच हातचं आहे. किल्ली एक. चाब्या दोन. म्हंजे किती झाल्या? तीन. मले भेटली किती? एक. बाकीच्या दोन कुठी आहेत?"

"ते पाने हायेत मालक! पाने!"

"लिवलं चाबी अन् म्हन्ते पाने," मालक बाजाराकडे वळला. "उद्या म्हशीले बकरी म्हनन."

बाजार हसला. मी उस्ताद, पलटण, कामठी, सगळं सांगू लागलो. जितकं सांगितलं तितकं खोटं वाटू लागलं. माझं मलाच खोटं वाटू लागलं. मालकानं मिरच्या विकणाऱ्या बाईला विचारलं, "काहो बाई, चाबी म्हंजे काय?"

"चाबी म्हंजे चाबी," बाई म्हणाली.

त्यानं गूळवाल्याला विचारलं, बांगड्यावाल्याला विचारलं, उगाच उभ्या असलेल्यांना विचारलं. "चाबी म्हंजे चाबी." शंभर माणसं एक झाली. आमच्या भागात शंभर माणसं कुठल्याच गोष्टीवर एक होत नाहीत, पण माझ्या विरोधात त्या दिवशी झाली.

तिथून माझ्या दुकानाला कीड लागली. गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे माणूस किल्ली ठेवून जातो. तेच त्याचं भांडवल. ज्याच्यावर किल्ली दाबून ठेवल्याचा आळ, त्याच्याकडे कोण काय ठेवणार? सायकल आणणारे घंटी काढून खिशात टाकायचे. एकानं सीट काढून घरी ठेवली आणि नुसता सांगाडा घेऊन आला. पंक्चर काढायला आलेला ट्यूब सोडायचाच नाही. एका टोकाला मी, एका टोकाला तो, अशी ओढाओढ करत मी ठिगळ लावायचो. एक म्हातारा नुसती हवा भरायला आला आणि हवा भरेपर्यंत चाकावर हात ठेवून बसला, मी हवा काढून घेईन म्हणून. मोटारी, लॉऱ्या दुरूनच जायच्या. यवतमाळपर्यंत ढकलत नेतील, पण माझ्याकडे थांबायच्या नाहीत.

आणि मालक दर बाजाराला यायचा. तेच झाड, तीच साखळी, तेच कुलूप. कुलूप लावताना माझ्याकडे बघायचा. मिशीतल्या मिशीत हसायचा. मी त्याचं वाईट चिंतलं नाही असं मी इथे लिहिणार नाही. त्याचे दात पडावेत, फटफटीनं त्याला नाल्यात घालावं, बायकोनं त्याला रोज कारलं वाढावं, असं काय काय मी शिकंज्यावर लोखंड घासत चिंतायचो. लोखंड मात्र छान घासलं जायचं.

एका बाजाराला माय भाकर घेऊन आली. मालक साखळी बांधत होता. ती भाकर डोक्यावर तशीच ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मालक, साखळी कायले?"

"चोराचं भेव आहे बाई."

"बैलाची साखळी हाय नं ही?"

"हाव."

"मंग फटफटीले कायले बांधून राह्यले? वर बसून जो आला त्याले बांधा."

बाजार पहिल्यांदा माझ्या बाजूनं हसला. पण हसून काम येत नाही. मालकाचा चेहरा वांग्यासारखा झाला. तो माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, म्हणाला, "दिवाळीच्या आत टपरी उठवतो तुही. मंग ये ओट्यासमोर. उतरून."

तो हे मोठ्यानं बोलला असता तर मला एवढं लागलं नसतं. मला ठाऊक होतं, तो खरं बोलतोय. पंप हप्ताभर हलला नव्हता. मी आत जाऊन माझ्याकडची यादीची प्रत काढली आणि बाहेर आलो. आज फैसला करायचा, मग टपरी राहो की जावो. दिवाणजीही त्या दिवशी मालकाच्या मागे बाजाराला आला होता.

"दिवाणजी," मी म्हणालो, "तुम्ही खूण केली होती नं? चाब्या दोन, आल्या. तुम्हीच म्हनलं होतं. काय आल्या होत्या?"

दिवाणजीनं मालकाकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. "आवाज आला होता," तो म्हणाला.

"कायचा आवाज?"

"खण्ण."

"किल्लीचा आवाज खण्ण येते का?"

"मले कानानं कमी ऐकू येते," दिवाणजी म्हणाला आणि खरोखरच त्याच क्षणी बहिरा झाला.

"पेटी उघडा मालक," मी म्हणालो. "तुमच्याच फटफटीची पेटी. त्यात फडक्यात आहेत दोन्ही. सगळ्याइच्या समोर उघडा."

"तू सांगशीन तवा मी पेटी उघडू?" मालक म्हणाला. "मी कायले हात लावू तुह्या फडक्याले?"

"मंग मी उघडतो."

"हात लावून पाहाय! माह्या गाडीले हात लावला तर चोरी करताना धरला म्हनून ठान्यात नेतो."

झालं. पेटी हातभर अंतरावर, आत माझी सगळी अब्रू फडक्यात गुंडाळलेली, आणि ती तो उघडणार नाही, मी उघडायची नाही. बाजारातले लोक आमच्याभोवती गोल करून उभे. वांगी, मिरच्या, बांगड्या, सगळं सोडून लोक आले होते.

त्या गर्दीपलीकडे जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरून यवतमाळला निघालेली एक लॉरी बंद पडून उभी होती. ड्रायव्हर लॉरीखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. खालचा दांडा सुटला होता आणि बोल्ट त्याच्यानं काही केल्या हलत नव्हता. आमच्या भांडणाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. उलट आमच्या गोंगाटानं तो वैतागला होता. तो खालूनच ओरडला, "अरे कोई है क्या? मिस्त्री! मोठी चाबी फेक ना बे इकडं!"

गर्दीची तोंडं लॉरीकडे वळली.

"काय पाह्यजे?" मी ओरडून विचारलं.

"चाबी! मोठी चाबी! बहिरा हायेस का?"

मिरच्या विकणारी बाई भोळी होती. तिनं मालकाकडे बोट दाखवलं. "चाबी मालकाजवळ हाय," ती त्या पायांना म्हणाली. बांगड्यावाल्यानं तर आपल्या पेटीची चाबी कमरेची काढून लॉरीखाली धरली.

खालून एक काळा, तेलानं माखलेला हात आला, त्यानं ती चाबी घेतली, आणि ती तशीच बाहेर फेकली गेली.

"अबे कुलपाची चाबी काय करू? खाऊ का? नटाची चाबी मांगली म्या! नटाची! कोन्या जंगलात आलो मी, चाबी मांगली तर चाबी देतात!"

आधी गूळवाला हसला. मग बाई. मग तो सगळा गोल असा हसला, की लॉरीवरच्या गाठी हलल्या. शंभर माणसं, जी त्या पहिल्या बाजाराला "चाबी म्हंजे चाबी" म्हणाली होती, ती आता एकमेकांना समजावून सांगू लागली, "नटाची बी असते नं चाबी! म्याबी ऐकलं होतं." कुणी काही ऐकलं नव्हतं. पण त्यांच्याशी भांडायला मला वेळ नव्हता.

मी टपरीत गेलो, मोठा पाना घेतला आणि मुद्दाम मालकाच्या समोरून, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावरून नेला.

"हे पाहा मालक," मी म्हणालो. "चाबी."

पेटी त्यानं तेव्हाही उघडली नाही. उघडली असती तर चूक कबूल करावी लागली असती, आणि माझ्या फडक्याला हातही लावावा लागला असता. दोन्हींतलं त्याला काय जास्त जड होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी पाना लॉरीखाली सरकवला. ड्रायव्हरनं दोन झटके दिले, एक शिवी दिली आणि बाहेर आला. दाढी वाढलेला, डोळे लाल. माझ्याकडे त्यानं नीट पाहिलंही नाही.

"माह्यानं नाई होत. तूच पाहाय," तो म्हणाला. "किल्ली आतच लावून हाय. मी खाऊन येतो. पोटात कावळे वरडून राह्यले."

"किल्ली घेऊन जा," मागून कुणीतरी म्हणालं. बहुतेक दिवाणजी; त्याचे कान बरे झाले होते.

ड्रायव्हर थबकला. "काहून?"

"हा मिस्त्री... चाब्या दाबते म्हन्तात."

ड्रायव्हरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती लॉरी पाहिली. समोरचा दिवा दोरीनं बांधलेला, दार तारेनं. "ही पळवून नेईन?" तो म्हणाला. "याच्या बापालेबी सुरू होनार नाई ही. अन् झाली तर माही मेहनत वाचली." आणि तो खाणावळीकडे चालू लागला.

असा माझ्या दुकानावर पहिला विश्वास टाकला गेला. विश्वास म्हणावा असं त्यात फारसं काही नव्हतं. पण लॉरी माझ्या ताब्यात होती, तिची किल्ली आत लटकत होती, मालक दहा पावलांवर उभा होता, आणि सगळा बाजार बघत होता.

मी लॉरीखाली सरकलो. खालून मला फक्त पाय दिसत होते. अनवाणी पाय पांगले, आपापल्या दुकानाकडे गेले. मायचे पाय जरा वेळ थांबले, भाकर ठेवल्याचा आवाज आला, तेही गेले. मालकाचे चामडी जोडे तेवढे तिथेच होते. तो वाट बघत असावा, की मी बाहेर येईन, काही बोलेन, त्याला पुन्हा भांडता येईल.

बोल्ट दोन मिनिटांत बसला होता. मी तरीही तिथेच पडून राहिलो, पान्यानं उगाच दांड्यावर ठोकत. खण्ण. खण्ण. ते जोडे हलेपर्यंत ठोकत राहिलो.